धोक्याच्या घंटेचा इतिहास

पहारा ठेवणे ही माणसाची फार जुनी गरज आहे. गावच्या वेशीवरील जागल्या, गडाच्या बुरुजावरील चौकीदार, समुद्रकाठच्या दीपगृहातील रखवालदार हे सारे एकाच हेतूने नेमलेले असत. इतरांना निर्धास्तपणे झोपता यावे म्हणून एकाने जागे राहावयाचे आणि झोपलेल्यांना उठविण्याजोगे काही घडले तर हाक द्यावयाची. डोळे उघडे ठेवणे हा या कामाचा सोपा भाग होय. कोणत्या वेळी हाक द्यावयाची आणि कोणत्या वेळी स्वस्थ बसावयाचे, हे ठरविणे हा अवघड भाग. प्रत्येक कोल्हेकुईला गाव उठविणाऱ्या जागल्याची हाक पुढे कोणी मनावर घेतली नसती. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट मराठी घरांतील मुले लहानपणीच ऐकतात. मोठेपणी तिची आठवण फार थोड्यांना राहते.

यंत्रे आली तेव्हा हा पहारा यंत्रांवर बसवावा लागला, आणि गेल्या काही दशकांत तो सॉफ्टवेअरवर बसवावा लागला. भारतात २०१६ साली यूपीआयची पद्धत सुरू झाल्यापासून भाजीच्या गाडीवरील दहा रुपयांचा व्यवहारदेखील कुठल्यातरी दूरच्या संगणकाच्या प्रकृतीवर अवलंबून राहू लागला. असे संगणक अहोरात्र चालतात, आणि ते अडखळले की पुणे, हैदराबाद किंवा बंगळूर येथील एखाद्या तरुण अभियंत्याच्या उशाशी ठेवलेला फोन रात्री दोन वाजता खणखणू लागतो. पुष्कळदा तो ज्या ग्राहकांसाठी उठतो ते अमेरिकेत असतात आणि तेथे भर दुपार असते. त्या फोनने त्याला उठविण्याजोगे खरोखरच काही घडले आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधताना अणुवीजकेंद्रे, तेलशुद्धी कारखाने, वीजकंपन्या आणि शेअरबाजार यांनी जी किंमत मोजली आहे ती मुळीच क्षुल्लक नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास मोठ्या कारखान्याचा नियंत्रणकक्ष म्हणजे भिंतभर पसरलेला एक फलक असे. त्यावर लहान लहान चौकोनी दिवे बसविलेले असत. एखाद्या भागातील दाब वा तापमान मर्यादेबाहेर गेले की त्या भागाचा दिवा लुकलुकू लागे व घंटा वाजे. या व्यवस्थेत एक गुण होता, आणि तो कोणी मुद्दाम योजलेला नव्हता. प्रत्येक नवा दिवा लावावयाचा म्हणजे कारखान्यातून फलकापर्यंत तार ओढावी लागे, फलकावर जागा शोधावी लागे आणि खर्चाला मंजुरी घ्यावी लागे. त्यामुळे एखादा इशारा हवाच का, याचा विचार निदान एकदा तरी केला जात असे. काटकसरीने विवेकाचे काम केले, असे म्हणावयास हरकत नाही.

संगणकाने दिलेल्या इशाऱ्याची एक मोठी कसोटी मात्र पृथ्वीवर लागली नाही. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग व एडविन ऑल्ड्रिन यांचे यान चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे ३३,००० फूट उंचीवर असताना यानातील संगणकाने ‘१२०२’ असा आकडा दाखवून धोक्याची सूचना दिली. उतरावयाचे की मोहीम सोडून परत फिरावयाचे, याचा निर्णय काही सेकंदांत घ्यावयाचा होता. आर्मस्ट्राँग यांनी त्या आकड्याचा अर्थ विचारला. ह्यूस्टन येथील नियंत्रणकक्षात त्या विभागाची जबाबदारी स्टीव्ह बेल्स या सव्वीस वर्षांच्या अधिकाऱ्यावर होती आणि त्याच्या पाठीशी जॅक गार्मन हा चोवीस वर्षांचा तज्ज्ञ बसला होता. या दोघांनी चटकन निर्वाळा दिला, पुढे चला. नंतर तोच आकडा पुन्हा पुन्हा उमटला, मध्येच ‘१२०१’ हा दुसराही दिसला, आणि तरीही उत्तर तेच राहिले. यान सुखरूप उतरले.

या शांतपणाचे मूळ काही दिवस आधीच्या एका रंगीत तालमीत होते. त्या तालमीत प्रशिक्षकांनी मुद्दाम असाच एक आकडा दाखविला होता. बेल्स गोंधळला आणि त्याने मोहीम सोडण्याचा निर्णय दिला. तालीम संपल्यावर प्रशिक्षकांनी सांगितले की परत फिरण्याचे काहीच कारण नव्हते. तेव्हा उड्डाण-संचालक जीन क्रांझ यांनी आज्ञा केली की संगणक असे जेवढे म्हणून इशारे देऊ शकेल त्या प्रत्येकासाठी काय करावयाचे ते आधीच ठरवून ठेवावे. गार्मनने हाताने एक यादी लिहिली आणि ती आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. ‘१२०२’चा अर्थ एवढाच होता की संगणकावर क्षमतेहून अधिक काम येऊन पडले आहे. एका रडारच्या खटक्याची स्थिती जुळलेली नसल्यामुळे संगणकाचा काही वेळ फुकट जात होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या तज्ज्ञांनी त्याचे सॉफ्टवेअर असे रचले होते की कामाचा डोंगर झाला की कमी महत्त्वाची कामे त्याने टाकून द्यावीत आणि यान चालविण्याचे काम चालू ठेवावे. म्हणून इशारा अधूनमधून येत असेल तर चिंता नाही, सतत येऊ लागला तर थांबा, असा गार्मनच्या यादीतील नियम होता. नुसता आकडा पाहून आर्मस्ट्राँगलाही काही कळले नसते, बेल्सलाही नाही. आज सॉफ्टवेअरच्या व्यवसायात अशा यादीला रनबुक म्हणतात, आणि कित्येक ठिकाणी ती लिहावयाची राहून गेलेली असते.

यानंतर दहा वर्षांच्या आतच नेमके उलटे घडले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीतील थ्री माइल आयलंड या बेटावर अणुवीजकेंद्र होते. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास त्याच्या दुसऱ्या अणुभट्टीच्या बाष्पजनित्रांना पाणी पुरविणारे पंप बंद पडले. अणुभट्टी ठरल्याप्रमाणे आपोआप थांबली. वाढलेला दाब मोकळा करण्यासाठी एक झडप उघडली, ती काही सेकंदांनी मिटावयास हवी होती, पण उघडीच अडकून राहिली. त्या झडपेतून अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी वाहून जाऊ लागले.

नियंत्रणकक्षात या झडपेसाठी एक दिवा होता आणि तो विझला. कामगारांनी स्वाभाविकपणे समजूत करून घेतली की झडप मिटली. वस्तुतः तो दिवा झडपेची स्थिती सांगतच नव्हता. झडपेला मिटण्याचा हुकूम गेला आहे, एवढेच तो सांगत होता. सरकारी कचेऱ्यांचा ज्यांना थोडाबहुत अनुभव आहे त्यांना हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. आदेश निर्गमित झाला, अशी नोंद वहीत असते. काम झाले की नाही हे पाहावयाचे तर जागेवरच जावे लागते. झडपेतून गेलेले पाणी ज्या टाकीत साठत होते तिचे मापक होते, परंतु ते फलकाच्या मागच्या बाजूस बसविलेले होते.

इतक्यात इशाऱ्यांचा पूर लोटला. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे वाजू व लुकलुकू लागले. त्यांत अतिमहत्त्वाचे आणि निरर्थक यांची सरमिसळ होती, आणि एकाला दुसऱ्यापासून वेगळे करण्याची सोय नव्हती. संगणकाला जोडलेला छपाईयंत्र प्रत्येक इशारा इमानेइतबारे कागदावर उमटवीत होता. परंतु इशारे इतके आले की तो प्रत्यक्ष घटनांच्या दोन तासांहून अधिक मागे पडला. म्हणजे जे घडून गेले त्याची वार्ता हाती येईपर्यंत दुसरेच काही घडलेले असे. यंत्रात पाणी फार झाले आहे अशा समजुतीने कामगारांनी आपत्कालीन पाणीही कमी केले. शेवटी सहा वाजून गेल्यावर, पुढच्या पाळीसाठी आलेल्या एका नव्या माणसाने गळतीची शंका घेऊन पलीकडची दुसरी झडप मिटविली. तोवर सुमारे दोन तास वीस मिनिटे लोटली होती. अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळल्याचे पुढे काही वर्षांनी उघड झाले.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी चौकशीसाठी जो आयोग नेमला त्याचे अध्यक्ष जॉन केमेनी हे गणिती होते. बेसिक ही संगणकाची सोपी भाषा १९६४ साली तयार करणाऱ्या दोघांपैकी ते एक. ऑक्टोबर १९७९ मध्ये आलेल्या या आयोगाच्या अहवालाने यंत्राच्या बिघाडापेक्षा माणूस आणि यंत्र यांच्यामधील व्यवहाराकडे अधिक बोट दाखविले. त्या पहाटे फलकासमोर उभ्या असलेल्या एकाने साक्षीत सांगितले की तो इशाऱ्यांचा फलकच उचलून फेकून द्यावा असे त्याला वाटले होते. जिवावरच्या प्रसंगी पहारेकऱ्यालाच गप्प करावेसे वाटावे, याहून पहाऱ्याची अधिक शोचनीय अवस्था कल्पिणे कठीण.

त्याच दशकात कारखान्यांतील भिंतीवरचे फलक जाऊन संगणकाचे पडदे येऊ लागले. त्याबरोबर तार, जागा आणि खर्च ही तिन्ही बंधने गळून पडली. नवा इशारा जोडावयाचा तर कळफलकावर काही अक्षरे लिहिली की काम झाले. मग प्रत्येक अभियंत्याने, प्रत्येक विमातज्ज्ञाने, प्रत्येक अपघातानंतरच्या समितीने आपापला एकेक इशारा जोडला. जोडणाऱ्याला कोणी जाब विचारीत नसे. काढणाऱ्याला मात्र उद्या काही झाले तर जाब द्यावा लागणार होता. इशारे वाढत गेले ते या साध्या हिशेबाने. त्यात कोणाचा मूर्खपणा नव्हता, आणि म्हणूनच ते थांबविणे अवघड होते.

या वाढीचे फळ २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफोर्ड हेवन येथे दिसले. तेथील टेक्साको कंपनीच्या तेलशुद्धी कारखान्यावर सकाळी वीज पडून गडबड सुरू झाली, काही तासांनी मोठा स्फोट झाला आणि सव्वीस माणसे जखमी झाली. दैव म्हणून त्यांत कोणी दगावले नाही. याही ठिकाणी एक झडप प्रत्यक्षात मिटलेली असून यंत्रणा ती उघडी असल्याचे दाखवीत होती. चौकशीत असे आढळले की स्फोटापूर्वीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन माणसांपुढे २७५ इशारे आले होते. अकरा मिनिटे म्हणजे ६६० सेकंद. दर इशाऱ्याच्या वाट्याला अडीच सेकंदही येत नाहीत. याहून बोलका आकडा निराळाच आहे. त्या यंत्रणेतील २,०४० इशाऱ्यांपैकी ८७ टक्के इशाऱ्यांवर ‘उच्च प्राधान्य’ असा शिक्का होता. ज्या कचेरीत प्रत्येक फायलीला ‘तातडीचे’ अशी लाल चिठ्ठी लावण्याची चाल पडली आहे, तेथे खरोखरीची तातडीची फाईल कोणत्या गतीने पुढे सरकते हे सर्वश्रुत आहे. तेथे मग ‘अतितातडीचे’ ही नवी चिठ्ठी निघते, आणि वर्षभरात तिचीही तीच गत होते.

मिलफोर्ड हेवनच्या धड्यावरून ब्रिटनमधील यंत्रसामग्री वापरणाऱ्यांच्या संघाने १९९९ साली एक मार्गदर्शिका काढली. शांत वेळी एका माणसापुढे दहा मिनिटांत सरासरी एकाहून अधिक इशारा येऊ नये, असे प्रमाण तिने सांगितले. माणसाच्या लक्षाला मर्यादा आहे आणि ती मोजून यंत्रणा रचली पाहिजे, ही गोष्ट येथे प्रथमच आकड्यांत मांडली गेली असे नव्हे. परंतु कारखानदारांनी ती गंभीरपणे घेतली ती येथपासून. रुग्णालयांना हे कळावयास आणखी काळ गेला. तेथील यंत्रांच्या इशाऱ्यांपैकी ८५ ते ९९ टक्के इशाऱ्यांवर काहीच उपचार करावे लागत नाहीत, असे अमेरिकेतील रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या संस्थेने २०१३ साली जाहीर केले.

सॉफ्टवेअरच्या जगाने या साऱ्याकडे पाठ फिरवूनच आपला संसार थाटला. १९९९ साली एथन गॅलस्टॅड या अमेरिकन प्रोग्रॅमरने नेटसेंट नावाचे एक पहारा ठेवणारे सॉफ्टवेअर लोकांना मोफत दिले. २००२ मध्ये त्याचे नागिऑस असे नामकरण झाले आणि ते जगभर पसरले. ठरावीक काळाने प्रत्येक सर्व्हरकडे जाऊन विचारपूस करावयाची, जिवंत आहेस ना, डिस्क किती भरली, भार किती आहे, आणि आकडा मर्यादेपलीकडे गेला की माणसाला पेजरवर कळवावयाचे, अशी त्याची रीत. साधन उत्तम होते. पण वापरणाऱ्यांनी मोजता येईल ते सर्व मोजले आणि मोजले त्या सर्वांवर घंटा बांधली. डिस्क ऐंशी टक्के भरली म्हणून रात्री तीनला घंटा वाजे. उठून पाहावे तर ती आणखी दोन आठवडे पुरेल इतकी मोकळी असे आणि कोणाही ग्राहकाचे काही अडलेले नसे. पहिल्या आठवड्यात माणूस उठतो. तिसऱ्या आठवड्यात तो कुशीवर वळतो.

या पार्श्वभूमीवर दोन घटना पाहण्याजोग्या आहेत. पहिलीत घंटा वाजलीच नाही, दुसरीत ती वाजली आणि कोणी ऐकली नाही.

१४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी अमेरिकेतील ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षातील इशारे देणारे सॉफ्टवेअर दोन वाजून चौदा मिनिटांनी निःशब्दपणे बंद पडले. त्यातील दोन प्रक्रिया एकाच माहितीवर एकाच क्षणी हात घालू पाहत होत्या आणि त्या चढाओढीत सारेच गोठून गेले, हे कारण पुढे बऱ्याच शोधानंतर सापडले. नियंत्रणकक्षातील माणसांना पडद्यावर नवा इशारा दिसेना आणि त्यांनी त्याचा अर्थ सर्व काही ठीक आहे असा घेतला. प्रत्यक्षात तीननंतर उच्च दाबाच्या तारा एकामागून एक झाडांना टेकून बंद पडू लागल्या होत्या. शेजारच्या कंपन्यांचे लोक दूरध्वनी करून काहीतरी बिघडल्याचे सांगत होते. आपला पडदा शांत असताना दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा असे कोणास वाटेना. सर्व्हर बंद पडल्याची वर्दी कंपनीच्या संगणक विभागाला आपोआप गेली होती. त्यांनी सर्व्हर पुन्हा चालू केला, परंतु इशारे थांबले आहेत हे फलकासमोरच्या माणसांना कोणी कळविले नाही. चार वाजून काही मिनिटांनी अमेरिकेची आठ राज्ये आणि कॅनडाचा ऑन्टॅरिओ प्रांत अंधारात गेले. सुमारे पाच कोटी लोक विजेविना राहिले.

दुसरी घटना १ ऑगस्ट २०१२ ची, न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील. नाइट कॅपिटल या दलाली करणाऱ्या कंपनीने आपल्या आठ सर्व्हरांवर नवे सॉफ्टवेअर चढविले. चढविणाऱ्याकडून आठवा सर्व्हर राहून गेला. त्यावर २००३ पासून वापरात नसलेला एक जुना भाग तसाच पडून होता, आणि नव्या व्यवस्थेत तो भाग जागा होण्याची सोय अनवधानाने झाली होती. सकाळी आठपासूनच कंपनीच्या एका यंत्रणेने त्या जुन्या भागाचे नाव घेऊन इ-मेल धाडण्यास सुरुवात केली. साडेनऊला बाजार उघडण्यापूर्वी अशी ९७ पत्रे कंपनीतील काही लोकांच्या टपालात येऊन पडली होती. ती कोणी वाचली नाहीत. बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरने खरेदी-विक्रीचा सपाटा लावला. दोषाचा शोध घेता घेता उरलेल्या सात सर्व्हरांवरील नवे सॉफ्टवेअर काढून टाकण्यात आले, आणि मग जुना भाग आठही ठिकाणी धावू लागला. ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांत चाळीस लाखांवर व्यवहार झाले. कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला, आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

अमेरिकेच्या रोखे-नियामक मंडळाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या निकालपत्रात त्या ९७ पत्रांविषयी एक मार्मिक गोष्ट नमूद आहे. ती पत्रे धोक्याचा इशारा म्हणून योजलेलीच नव्हती, आणि कर्मचारी अशी पत्रे सहसा उघडून पाहत नसत. याबद्दल त्या कर्मचाऱ्यांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. निरुपद्रवी पत्रे टाकणाऱ्या पेटीत एखादे पत्र जीवनमरणाचे असेल, असे त्यांना त्या पेटीने कधी शिकविलेच नव्हते. माहिती तेथे होती, वेळेवर होती, त्या जुन्या भागाकडे निर्देश करणारी होती. ती कोणाच्याही कर्तव्याशी बांधलेली नव्हती.

याच सुमारास गूगल कंपनीत एक वेगळी रीत मुरत होती. तेथे २००३ पासून बेन ट्रेनर स्लॉस यांच्या हाताखाली यंत्रणा चालू ठेवणाऱ्या अभियंत्यांचे एक पथक काम करीत होते. त्यांनी आपले अनुभव २०१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांतील मुख्य विचार असा की झोपलेल्या माणसाला उठवावयाचे ते ग्राहकाला होणाऱ्या त्रासावरून. यंत्राच्या अंतर्गत कुरबुरीवरून नव्हे. नगरपालिकेचा पाणीपुरवठा हे त्याचे चांगले उदाहरण ठरेल. पंप तापला, टाकीची पातळी जरा उतरली, एक नळ फुटला, अशी कारणे शंभर असू शकतात आणि प्रत्येकासाठी घंटा बांधली तर शंभर घंटा होतील. घराघरांत पाणी पोहोचते आहे की नाही, एवढ्यावर एक घंटा बांधली तर ती ओळखीची नसलेली कारणेही पकडते. पंपाचे तापमान मोजावयाचे नाही असे नाही. ते मोजावे, नोंदवावे, आणि घंटा वाजल्यावर कारण शोधताना पाहावे. गूगलच्या मंडळींनी चार गोष्टींकडे नजर ठेवण्यास सांगितले: उत्तराला लागणारा वेळ, मागणीचे प्रमाण, चुकांचे प्रमाण आणि क्षमता कितपत भरत आली आहे ते.

येथे सरासरीच्या मोहापासून सावध राहावे लागते. शंभर मागण्यांपैकी ९९ मागण्यांना दशांश सेकंदात उत्तर मिळाले आणि एकाला दहा सेकंद थांबावे लागले, तर सरासरी जेमतेम पाव सेकंदाच्या आत राहते आणि पडद्यावर सारे आलबेल दिसते. तो शंभरावा माणूस मात्र वैतागून निघून गेलेला असतो. लोकसंख्येचे सरासरी उत्पन्न पाहून दारिद्र्य नाही असे म्हणण्यासारखेच हे आहे.

दुसरा विचार अंदाजपत्रकाचा. कोणतीही यंत्रणा शंभर टक्के चालू राहत नाही, आणि तशी ठेवण्याचा खर्चही कोणाला परवडत नाही. मग तीस दिवसांत ९९.९ टक्के चालावी असे ठरविले तर ४३,२०० मिनिटांपैकी ४३ मिनिटांची सूट उरते. ही सूट म्हणजे खर्चासाठी मंजूर झालेली रक्कम समजावी. तिचे दोन टक्के एकाच तासात उडाले तर माणसाला तत्काळ उठवावे, कारण या गतीने महिन्याची सारी सूट दोन दिवसांत संपेल. तेच तीन दिवसांत दहा टक्के, म्हणजे बेताच्या चालीने, खर्च झाले तर सकाळी कामावर आल्यावर पाहण्यासाठी नुसती नोंद पुरे. गूगलच्या अभियंत्यांनी हे प्रमाण २०१८ च्या आपल्या दुसऱ्या ग्रंथात दिले. त्यामुळे ‘तातडीचे’ या शब्दाला प्रथमच मोजता येण्याजोगा अर्थ मिळाला, आणि तो ओरडणाऱ्याच्या आवाजावर अवलंबून राहिला नाही. बारा तासांच्या पाळीत एका माणसावर दोनाहून अधिक प्रसंग येऊ नयेत, असाही त्यांचा दंडक होता. कारण एक प्रसंग निस्तरून त्याची कारणमीमांसा लिहून काढण्यास सहा तास लागतात.

या साऱ्या रीती पुस्तकात आल्या म्हणून त्या कचेऱ्यांत आल्या असे नाही. इशारा काढून टाकण्याची भीती अजूनही आहे, आणि ती केवळ तंत्राने जाण्यासारखी नाही. न्यूयॉर्कच्या एट्सी या कंपनीत जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ साली असा पायंडा मांडला की बिघाडाची चौकशी करताना दोषी व्यक्ती शोधावयाची नाही. त्या क्षणी त्या माणसाला काय दिसत होते आणि तसे वागणे त्याला शहाणपणाचे का वाटले, ते लिहून काढावयाचे. केमेनी आयोगानेही तेहतीस वर्षांपूर्वी हेच विचारले होते. जेथे अशी विचारपूस होते तेथे निरुपयोगी इशाऱ्यांची यादी दर आठवड्यास मोकळेपणाने समोर ठेवता येते: या सात दिवसांत कोणती घंटा वाजली, तिने कोणाला उठविले, त्याने उठून काय केले. ‘काही केले नाही’ असे उत्तर ज्या घंटेपुढे दोनदा आले ती घंटा उतरविली जाते.

ओहायोतील त्या मुक्या झालेल्या सॉफ्टवेअरचे उत्तर मात्र थोडे गमतीदार आहे. साउंडक्लाउड या बर्लिनच्या कंपनीत मॅट प्राउड व ज्यूलियस फोल्झ यांनी २०१२ पासून प्रोमीथियस हे पहारा ठेवणारे सॉफ्टवेअर घडविले, आणि पुढे ते जगात सर्वत्र वापरले जाऊ लागले. ते वापरणाऱ्या पुष्कळ ठिकाणी एक इशारा असा ठेवलेला असतो की तो अहोरात्र वाजतच राहतो. त्याचे नाव वॉचडॉग, म्हणजे राखण करणारा कुत्रा. तो कोणा माणसाकडे जात नाही; दुसऱ्या ठिकाणच्या एका स्वतंत्र यंत्राकडे जातो. त्या यंत्राला एवढेच काम असते की ही हाक येते आहे ना ते ऐकावयाचे, आणि ती ज्या क्षणी थांबेल त्या क्षणी माणसाला उठवावयाचे.